उन्हाळ्याचे कॅज्युअल शूज घेताय? आधी उलटा करून सोल बघा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवली ते लोअर परेल रोजचं येणं-जाणं, ऑफिसात फॉर्मलची सक्ती नाही, बजेट अडीच-तीन हजार, आणि उन्हाळ्यात घालायला हलके कॅज्युअल शूज पाहिजेत जे निदान दोन वर्षं तरी जातील. आधीचे लेदरचे लोफर भावाच्या लग्नाला घेतलेले, सात-आठ वेळाच घातलेले, तीन-साडेतीन वर्षांनी बॉक्समधून काढून घातले तर दादरच्या ब्रिजवर सोलचा अक्षरशः भुगा झाला. तर आता ब्रँड बघून घ्यायचे, किंमत बघून घ्यायचे, की अजून काही बघायचं असतं?

मी या कामात २६ वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या एका कारखान्यात, आधी पेस्टिंगला, म्हणजे सोल चिकटवायला, आणि मग चेकिंगला, आणि त्यानंतर परळला माझं स्वतःचं रिपेअरिंगचं वर्कशॉप. म्हणजे शूज बनताना पण बघितलेत आणि गेल्यावर रापीने, म्हणजे चामडं कापायच्या पात्याने, उघडून पण बघितलेत. आणि खरं सांगतो, उघडल्यावर जे कळतं त्याच्यावरून दुकानात काय बघायचं ते ठरवावं, कारण माझ्याकडे जे येतात त्यातले बहुतेक अप्पर, म्हणजे शूजचा वरचा भाग, फाटलं म्हणून येत नाहीत, सोल गेला किंवा सोल आणि अप्परचा जोड सुटला म्हणून येतात. आणि गिऱ्हाईक दुकानात पाऊण तास अप्परचा रंग बघण्यात घालवतं, सोल उलटा करून कोणी बघतच नाही.

आधी तुमच्या लोफरचं बोलू, कारण त्यात तुमची काहीच चूक नाही. तो सोल पीयूचा होता, पॉलियुरेथेन. हलका असतो, मऊ असतो, पायाला छान वाटतो, झिजतो पण हळू, म्हणून कॅज्युअल आणि फॉर्मल दोन्हीत भरपूर वापरतात. पण शूजमध्ये जो साधारण वापरला जातो तो पॉलिस्टर जातीचा पीयू, आणि त्याला हवेतला दमटपणा सोसत नाही. पाण्याची वाफ त्या फोमच्या आत शिरते आणि त्याच्या साखळ्या तोडत जाते, याला हायड्रॉलिसिस म्हणतात, आणि हे तुम्ही शूज घाला न घाला, बॉक्समध्ये पडल्या पडल्या पण चालूच असतं. गरम आणि दमट जागा असेल तर अजून वेगात. मुंबईत मार्च ते ऑक्टोबर दुसरं काय असतं? बाहेरून सोल एकदम नवा दिसतो, आणि ज्या दिवशी घालून चालाल त्या दिवशी पहिल्या जिन्यावर बिस्किटासारखा तुटतो. माझ्याकडे दर लग्नसराईत असे जोड येतात, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, अहो हे तर नवेच आहेत, घातलेच नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट, आणि ही कोणी सांगत नाही, बॉक्सवरचं एमआरपीचं लेबल नीट वाचा. आपल्याकडे पॅक केलेल्या मालावर तो कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी बनला ते छापावं लागतं. सेलमध्ये ५० टक्के ऑफ मिळतंय आणि लेबलवर अडीच वर्षांपूर्वीची तारीख असेल, सोल पीयूचा असेल, तर ते शूज तुम्ही अडीच वर्षं जुनेच विकत घेताय, गोडाऊनमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. तारीख चार-सहा महिन्यांतली असेल आणि तुम्ही रोज घालून दोन वर्षांत वापरून टाकणार असाल तर पीयू वाईट नाही, मी स्वतः घालतो. पण कधीतरी घालायला म्हणून पीयू मुंबईत घेऊ नका.

आता सोल ओळखायचा कसा. पुष्कळदा सोलच्या मधल्या भागात किंवा आतल्या जिभेच्या लेबलवर लिहिलेलंच असतं, पीयू, टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक), ईव्हीए (हलका फोम), रबर. नसेल तर हातात घेऊन बघा. ईव्हीए सगळ्यात हलका, आपल्या फोमच्या स्लीपरसारखा कोरडा लागतो, नख दाबलं तर खूण राहते आणि हळूहळू भरते. ईव्हीए दमट हवेने भुगा होत नाही हा त्याचा गुण, पण तो बसतो, म्हणजे रोज तुमचं वजन घेऊन घेऊन टाचेखाली चपटा होतो आणि मग पुन्हा उठत नाही. शिवाय नुसता ईव्हीए जमिनीला लागत असेल तर स्टेशनच्या जिन्यांवर टाच तिरकी झिजते, लवकरच. म्हणून ईव्हीए असेल तर खाली निदान टाचेला आणि चवड्याला रबराची पट्टी आहे का ते बघाच. टीपीआर थोडा जड, वाकवला की रबरासारखा परत येतो, दमट हवेचा त्रास नाही, या बजेटमध्ये मुंबईसाठी मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. खरं रबर अजून जड, टिकायला सगळ्यात भारी. आणि पीव्हीसी म्हणजे तो कडक, चकचकीत, जड सोल, स्वस्तातल्या मालात असतो, तो झिजत नाही म्हणून दुकानदार कौतुक करतात पण ओल्या ग्रॅनाइटवर, ओल्या कोटा फरशीवर घसरतो, तुमच्या ऑफिसच्या लॉबीत पुसलेल्या फरशीवर काय होईल विचार करा, नकोच तो.

दुसरी गोष्ट जोडाची. या किमतीतले बहुतेक शूज पेस्टिंगचे असतात, म्हणजे सोल नुसता चिकटवलेला. पेस्टिंग वाईट असतं असं नाही, चांगलं केलं तर सोल झिजेल पण सुटणार नाही. पण चांगलं करणं म्हणजे अप्परची कड घासून खरखरीत करायची, सोलला त्याच्या मटेरियलप्रमाणे प्रायमर मारायचा, सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावून पूर्ण सुकू द्यायचं, मग गरम करून प्रेसमध्ये दाबायचं. टीपीआरला तर वेगळं केमिकल मारल्याशिवाय सोल्युशन धरतच नाही. मी चेकिंगला असताना सीझनची ऑर्डर अंगावर आली की कारागिरांकडून हेच सुकवायचं आणि घासायचं काम घाईत व्हायचं, आणि वरून बघून तुम्हाला ते कधीच कळणार नाही, जोड दोन्ही सारखेच दिसतात. तरी थोडं कळतं. शूज चवड्याशी वाकवा आणि बाजूने जोडाकडे बघा, सोल आणि अप्परच्या मध्ये केसाएवढी जरी फट उघडली तरी ठेवून द्या. जोडाच्या वर सोल्युशन ओघळून पिवळट डाग दिसत असतील तर ते हात घाईतले आहेत. आणि अंगठ्याने सोलची कड पुढच्या टोकाशी खाली ओढून बघा, जोर लावून, दुकानदार काही म्हणत नाही.

पांढरे स्नीकर्स घेणार असाल, म्हणजे ज्याच्या सोलची वाटी अप्परला बाजूने धरते तसे, तर त्याच्या कडेला गोल शिलाई दिसते. ही शिलाई खरी असेल तर जोड चिकटवलेला पण आणि शिवलेला पण, मग ते शूज सोल सोडणार नाहीत. पण मागच्याच आठवड्यात करी रोडचा एक मुलगा जोड घेऊन आला, पाच महिन्यांत पुढून तोंड उघडलं म्हणून. मला म्हणाला, काका, हे तर शिवलेले होते ना? मी त्याला भिंगातून दाखवलं, ती शिलाई नव्हतीच, सोलच्या साच्यातच टाक्यांचा आकार पाडलेला, रबराचे टाके, दोरा नावालाही नाही. त्याच्या बाजूलाच दुसऱ्या गिऱ्हाइकाचा जोड पडला होता, तीन वर्षं वापरलेला, टाच झिजून आत पोचलेली पण जोड जागच्या जागी. त्याचा सुकतळा, म्हणजे आत पायाखाली येणारा थर, उचलून दाखवला तर आत कडेकडेने दोऱ्याची रांग गोल फिरलेली. तेवढंच करायचं दुकानात. सुकतळा सुटा असेल तर उचला, आत कडेला दोरा दिसला तर शिलाई खरी. त्या मुलाच्या जोडाला आम्ही जुनं सोल्युशन घासून काढलं, नव्याने चिकटवून बाजूने आरीने शिलाई मारली, आता ते चालतील.

कॅनव्हासचे जे जुन्या पद्धतीचे शूज असतात, खाली रबर आणि कडेने रबराची पट्टी फिरवलेली, ते वेगळे. ते भट्टीत तापवून पक्के करतात, व्हल्कनाइझ म्हणतात, रबर कापडाला धरूनच शिजतं. त्यामुळे पूर्ण सोल सुटणं फार कमी, ते जातात चवड्याच्या वाकाशी, तिथली कडेची पट्टी आधी चिरते आणि मग तिथून कापड निसटतं. घेताना तिथे पट्टी वाकवून बघा, आणि वाकाशी पांढऱ्या रेषा उमटत असतील तर रबरात भेसळ जास्त आहे. कॅनव्हास जाड घ्या, उजेडाकडे धरून विणीतून आरपार दिसत असेल तर करंगळीपाशी सहा महिन्यांत भोक.

आता अप्पर. इथे मुंबई आणि बाकीच्या महाराष्ट्रात फरक आहे हे लक्षात घ्या. नागपूरला, जळगावला ऊन कडक पण कोरडं, घाम येतो आणि वाळतो. आपल्याकडे पारा तेहेतीस-चौतीसच असतो पण हवेतच इतकं पाणी की पायाचा घाम शूजमधून बाहेर पडायला जागाच नाही. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्याचे शूज म्हणजे पातळ शूज नाही, तर असे शूज की जे रात्रभरात सुकतील. सगळ्यात आधी फोम लेदर टाळा, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर दिलेलं रेक्झिन. त्यातून वाफ जात नाही, वास मारतो, आणि वाकाशी साल निघायला लागली की त्याला माझ्याकडे पण इलाज नाही. लेबलवर चिन्हं असतात ती बघा. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे खरं चामडं, तिरका चौकोन म्हणजे दुसरंच काहीतरी मटेरियल, विणीची जाळी म्हणजे कापड, आणि कातड्याच्या आत तिरका चौकोन असेल तर चामड्यावर जाड लेप दिलेला. अप्पर, अस्तर आणि सोल या तिन्हीसाठी वेगवेगळं चिन्ह असतं, तेव्हा नुसतं एक कातडं दिसलं म्हणून खूश होऊ नका. चिन्ह नसेल तर चवड्याशी अंगठ्याने आत दाबा, खऱ्या चामड्यावर बारीक बारीक सुरकुत्या पसरतात, लेपाच्या मालावर एकच जाडी घडी पडते.

स्वेड, म्हणजे मखमलीसारखी लव असलेलं चामडं, मला मुंबईच्या उन्हाळ्यात फार आवडतं आणि लोक उगीच घाबरतात. त्याच्यावर लेप नसतो म्हणून हवा खेळते, घड्या दिसत नाहीत, ब्रश मारला की धूळ गेली. अस्तर नसलेला स्वेडचा लोफर नोव्हेंबर ते मे बिनधास्त घाला. मात्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस यायच्या आत तो ब्रश करून, आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून, कापडी पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, नाहीतर गणपतीला काढाल तेव्हा बुरशीची लव असेल.

निट (विणलेल्या कापडाचे) आणि मेशचे (जाळीचे) स्नीकर्स हवेला उत्तम, पण अंगठ्याचं नख जरा वर असेल तर तिथे भोक पडतं आणि ते रफू करून नीट होत नाही, म्हणून मेश घेताना अंगठ्यावर आतून किंवा बाहेरून जास्तीचा थर आहे का बघा. तागाच्या दोरीचा सोल असलेले ते एस्पाड्रिल, फोटोत छान दिसतात, पण ताग पाणी पिऊन फुगतो आणि कुजतो. एप्रिल-मेमध्ये मुंबईत पाऊस नसला तरी स्टेशनबाहेर पाणी सांडलेलं असतंच, रोजच्यासाठी नको. ज्याच्या तळाला रबराचे गोल ठिपके असतात तो ड्रायव्हिंग लोफर गाडी चालवण्यासाठी काढलेला प्रकार आहे, चालायला नाही. ठिपके झिजले की मधलं पातळ चामडं थेट रस्त्याला लागतं, आणि ठिपके नव्याने सहसा बसवता येत नाहीत. लोक हे फार घेतात आणि फार लवकर माझ्याकडे घेऊन येतात, ते बघून वाईट वाटतं कारण वरचं चामडं पुष्कळदा चांगलं असतं. त्यापेक्षा बोट शूज घ्या. १९३५ मध्ये अमेरिकेत पॉल स्पेरी नावाच्या माणसाने कुत्र्याच्या पंजाच्या तळव्यावरच्या रेषा बघून रबराच्या सोलला बारीक नागमोडी चिरा पाडल्या, ओल्या डेकवर घसरू नये म्हणून, तोच तो प्रकार. चालताना चिरा उघडतात आणि फरशी धरून ठेवतात. पुसलेल्या लॉबीला याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

एक जागा आहे जी दुकानात कोणीच बघत नाही, आतली टाच. हात घालून मागच्या बाजूचं अस्तर चाचपा. घालताना-काढताना आणि जिने चढताना टाच तिथेच घासते, आणि तिथे पातळ जाळीचं कापड असेल तर चार महिन्यांत भोक, मग आतला फोम बाहेर, मग पुठ्ठा टोचायला लागतो. तिथे चामडं किंवा मऊ मायक्रोफायबर असेल तर शूज जास्त जातात. मागून टाचेचा कप दोन बोटांनी दाबा, कडक पाहिजे, पापडासारखा मोडणारा नको. आणि शूज पुढून-मागून धरून वाकवा, तो चवड्याशीच वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर आत आधाराची पट्टी नाही, संध्याकाळी तळवे दुखणार आणि सोल पण मधेच चिरणार. काचेच्या काउंटरवर दोन्ही ठेवून मागून बघा, डुलत असेल किंवा एक आत कललेला असेल तर फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, नीट चढलेला नाही, दुसरा जोड मागा.

मापाबद्दल थोडंच. संध्याकाळी जा, ऑफिस सुटल्यावर, पाय तेव्हा सुजलेले असतात आणि तेच खरं माप. आपले नंबर म्हणजे यूकेचेच, एका नंबरात साधारण साडेआठ मिलीमीटरचा फरक, त्यामुळे अर्धा नंबर मिळत असेल तर त्याला महत्त्व आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांचा पंजा रुंद असतो आणि मग एक नंबर मोठा घेतात. त्याने लांबी वाढते, टाच सुटते, अस्तर घासतं, आणि शूज चुकीच्या जागी वाकतो. लांबी बरोबर ठेवा आणि रुंद फर्म्याचं दुसरं मॉडेल शोधा. लोफर नवीन असताना जरा घट्टच पाहिजे, तो सैल होतोच. लेसचे शूज मात्र पहिल्या दिवसापासून आरामात बसले पाहिजेत.

तुमच्या बाबतीत मी असं सांगेन. डोंबिवली लोकलमध्ये पाय तुडवले जाणार, ब्रिज चढणं-उतरणं आहे, वर ऑफिस. एकच तीन हजारांचा जोड रोज घालून दोन वर्षं काढणं मुंबईत कुठल्याच शूजला जड आहे, कारण त्याला सुकायला वेळच मिळत नाही. पंधराशेपर्यंतचे दोन जोड घ्या, एक जाड कॅनव्हासचा व्हल्कनाइझ केलेला किंवा खऱ्या शिलाईचा वाटीसोलचा, आणि दुसरा टीपीआर सोलचा, चामड्याचा नाहीतर स्वेडचा लोफर किंवा बोट शूज. आलटून पालटून घाला. घरी आल्यावर लगेच बंद रॅकमध्ये कोंबू नका, लेस सैल करून, सुकतळा काढून रात्रभर पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, उन्हाने सोल्युशन ढिलं पडतं आणि चामडं तडकतं, बाइकच्या डिकीत दुपारभर ठेवले तरी तेच. वॉशिंग मशीनमध्ये तर नकोच. आतून बिनदिसणारे मोजे घाला, घाम मोज्यात राहिला तर अस्तर वाचतं.

आणि एक काम करा जे लोक उशिरा करतात. महिना-दीड महिना वापरल्यावर टाच उलटी करून बघा, मागची बाहेरची कड झिजायला लागलेली दिसेल, बहुतेकांची तिथूनच जाते. तेव्हाच जवळच्या मोचीदादांकडून तेवढ्याच भागाला रबराचा तुकडा लावून घ्या, दहा-पंधरा मिनिटांचं काम. झीज आतल्या फोमपर्यंत पोचली की मग तुकडा धरत नाही, अख्खा सोल बदलावा लागतो.

ते लग्नाचे लोफर टाकले नसतील तर टाकू नका. सात-आठ वेळाच घातलेत म्हणजे वरचं चामडं जवळपास नवंच असणार. पीयूचा उरलेला भुगा पूर्ण खरवडून काढायचा, कण राहिला तर नवीन सोल धरत नाही, आणि मग तयार टीपीआरचा सोल मापाने चिकटवून कडेने शिवून घ्यायचा. आधी मात्र चवड्याशी चामडं वाकवून बघा, आणि आतलं अस्तर बोटाने घासून बघा. चामडं तडकत नसेल, अस्तराची साल निघत नसेल, तर हे काम करून घेण्यासारखं आहे. दोन्ही पायांचे सोल एकदमच बदलून घ्या, एक अजून शाबूत दिसत असला तरी, तो पण त्याच महिन्यात बनलेला आहे.